भोपळ्याच्या चेहऱ्यावरचं तेज

प्रभानाथ महाराजांच्या चेहऱ्यावर तेज आहे, याबद्दल कॉव्हेंट्रीतल्या मराठी माणसांचं एकमत झालं होतं. याआधी त्यांचं एकमत एकदाच झालं होतं, गणपतीच्या जेवणातला मसालेभात कच्चा राहिला तेव्हा.

नोव्हेंबरातला रविवार होता. दुपारी चारलाच बाहेर दिवे लागलेले. भाड्याने घेतलेल्या स्काउट्सच्या हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास कोंडला होता आणि समोर पांढरी चादर घातलेल्या खुर्चीत महाराज बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना उंच स्टँडवर एकेक मोठी काळी कापडी पेटी, पेटीच्या तोंडावर पांढरं कापड ताणलेलं. पुढे व्हिडिओ कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला जोडलेला टीव्ही भक्तांकडे तोंड करून ठेवलेला. गंमत अशी की महाराज समोर असूनही सगळे टीव्हीकडेच बघत होते. टीव्हीवर महाराज लोण्यात कोरल्यासारखे दिसत. सुरकुती नाही, डोळ्यांखाली काळं नाही, आणि दोन्ही बुबुळांत दोन-दोन पांढरे चौकोन चमकत असत.

"ती ज्योत आहे," महाराजांचा शिष्य रघुवीर हळू आवाजात सांगत होता. "आतला ज्योत बाहेर दिसतो."

"चौकोनी?" ऋजुताने विचारलं.

"चार कोपरे, चार वेद."

रघुवीर कॉव्हेंट्रीतच जन्मला, वाढला. त्याच्या मराठीत तो, ती आणि ते कुठेही बसत, पण उत्तराला तो कधी अडत नसे.

"आणि या पेट्या?"

"तेजसंपुट. महाराजांच्या बॉडीमधून जो तेज येतो ना, तो सगळा ह्याच्यात जमा होते. नाहीतर पहिल्या रांगेला बर्न्स होतील."

"मग प्लग कशाला लावलाय?"

"अर्थिंग," रघुवीर म्हणाला. "हेल्थ अँड सेफ्टी."

 पुण्याहून वर्क व्हिसावर येऊन ऋजुता इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर झाली होती. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. रविवारी निदान कुणाची चूक दिसू नये, एवढीच तिची देवाकडे मागणी असे, आणि देव तेवढंही करत नव्हता.

ती इथे यायची ती मावशीसाठी. आशामावशी तिच्या आईची थोरली बहीण. लग्न करून इथे आली, शाळेच्या किचनमध्ये राबून रिटायर झाली, काका गेल्यावर एकटी राहिली. ऋजुता तिच्याच घरी उतरली होती. मावशीला थायरॉइडची गोळी होती, रोज सकाळी उपाशीपोटी. ती तिने उन्हाळ्यात बंद केली.

गोळ्या सोडा, असं महाराजांनी कधीच सांगितलं नाही. ते म्हणाले, "गोळी म्हणजे शंका, माई. शंका आणि तेज एका पोटात नांदत नाहीत. पुढे तुमची मर्जी."

पद्धत साधी होती. नवा भक्त आला की रघुवीर त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये कोटांच्या खुंट्यांपाशी उभं करायचा आणि ट्यूबलाइटखाली त्याचं शूटिंग करायचा. काही आठवड्यांच्या साधनेनंतर त्याच भक्ताला महाराजांच्या खुर्चीत बसवून दुसरं शूटिंग व्हायचं. दोन्ही एका डीव्हीडीवर घालून प्रसाद म्हणून द्यायचे. ती डीव्हीडी मग भारतात जायची, आणि खरा चमत्कार तिथे व्हायचा. परदेशातल्या माणसाची तब्येत चेहरा बघून ठरवणं हे आपल्याकडे प्रत्येक नातेवाइकाचं जन्मसिद्ध काम आहे.

ऋजुताच्या आईने पुण्याहून फोन केला. "आशा किती टवटवीत दिसायला लागलीय गं. तू मात्र वाळलीस."

त्या दिवसापासून मावशीशी बोलणंच खुंटलं. इकडे मावशी हीटिंग चालू असताना स्वयंपाकघरात हातमोजे घालून वावरत होती. आवाज घोगरा झाला होता. नाश्ता करता करता तिला झोप लागायची. एका सकाळी ती तव्यासमोर उभी राहून चपाती जळताना बघत होती, जणू ती चपाती शेजारणीची होती.

"मावशी, गोळी घे ना."

"डीव्हीडी बघ," मावशी म्हणाली. प्रत्येक शब्द जिना चढून आल्यासारखा येत होता. "तुझ्या आईने ओळखलं. तुला घरात राहून दिसत नाही."

ऋजुताने डॉक्टरच्या दवाखान्यात फोन केला. पेशंटनेच फोन करायला हवा, असं रिसेप्शनिस्टने गोड आवाजात सांगितलं. मग दुसरं काही सुचेना म्हणून शनिवारी दुपारी तिने खरंच डीव्हीडी बघितली.

खुर्चीतली मावशी सुरेख दिसत होती. ऋजुताने चित्र थांबवलं. मावशीच्या डोळ्यांतही ते दोन पांढरे चौकोन होते. ठीक आहे, साधना फळली असेल. पण मावशीच्या हातात तीर्थाचा स्टीलचा पेला होता, आणि त्या पेल्यावरही दोन पांढरे चौकोन होते. मागून फुलं ठेवायला आलेल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या, पुरुषोत्तमकाकांच्या, चष्म्यावरही होते. पुरुषोत्तमकाकांना सिद्धी मिळाली असणं एक वेळ मान्य करता आलं असतं. पेल्याने कसली साधना केली होती?

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये महाराज मधल्या सुट्टीत चहाला आत गेले. पुरुषोत्तमकाका गुडघे धरून उभे होते.

"काका, त्या खुर्चीत बसा ना थोडं."

"महाराजांच्या?"

"हॉलमध्ये गादी असलेली तेवढीच खुर्ची आहे."

हे काकांना पटलं. ते बसले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला. टीव्हीवर पुरुषोत्तमकाका तेजाने न्हाले होते. कायम सर्दीने लाल असलेलं त्यांचं नाक चाफ्याच्या कळीसारखं दिसत होतं. एका बाईंनी सवयीने हात जोडले.

"मी फक्त बसलोय हो," काका ओशाळून म्हणाले. पण उठले नाहीत.

महाराज धावत बाहेर आले. एका नजरेत त्यांनी सगळं ओळखलं. "आश्चर्य कसलं? पुरुषोत्तमजी पूर्वजन्मीचे साधक आहेत."

"असेन," काका म्हणाले. "मला ॲसिडिटी तेव्हापासूनचीच असणार."

ऑफिसात ऋजुता दिवसभर हेच करायची: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय मोडतं ते बघायचं. ती हॉलच्या किचनमध्ये गेली. हॅलोवीन उलटला की इथे भोपळे मातीमोल होतात, आणि मग मराठी घरांतून आठवडाभर भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याचे घारगे एवढंच शिजतं. प्रसादासाठी आणलेला एक भोपळा ओट्यावर होता. तिने तो उचलून आणला, काकांना उठवलं आणि भोपळा खुर्चीत ठेवला.

टीव्हीवर भोपळा उजळला. त्याच्यावरचे डाग गेले. त्याच्या गुळगुळीत पाठीवर दोन पांढरे चौकोन चमकू लागले. इतका प्रसन्न चेहरा त्या हॉलमध्ये महिनाभरात दिसला नव्हता.

"भोपळा पण साधक असू शकते," रघुवीर म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच विश्वास बसलेला दिसला नाही.

"असेल. संध्याकाळी त्याची भाजी आहे," ऋजुता म्हणाली, आणि तिने भिंतीवरचं अर्थिंग बंद केलं.

तेज गेलं. वरच्या ट्यूबलाइटखाली भोपळा पुन्हा भोपळा झाला. शेजारी उभे असलेले महाराज कॅमेऱ्यात अर्धे आले होते. त्यांच्या डोळ्यांखाली पिशव्या होत्या, गालावर पावडर होती. ते एक थकलेले गृहस्थ दिसत होते. संन्यासाआधी ते शशिधर नावाने लग्नांचे व्हिडिओ काढत, हे नंतर कळलं.

ऋजुताने पेटीची चेन उघडली. आत बल्ब होते आणि चंदेरी अस्तर होतं.

"याला सॉफ्टबॉक्स म्हणतात," ती म्हणाली. तिला भाषण द्यायचं नव्हतं. तिला घरी जाऊन झोपायचं होतं. "उघड्या लहान दिव्याचा उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून प्रत्येक सुरकुतीची सावली पडते. इथे उजेड या मोठ्या कापडातून पसरून येतो, सगळ्या बाजूंनी. सावलीच पडत नाही. सुरकुती असते तिथेच असते, फक्त तिची सावली जाते. डोळ्यांतले चौकोन म्हणजे या कापडांचं प्रतिबिंब. पेल्यावर पडतं, भोपळ्यावर पडतं. व्हिडिओत माणूस छान दिसावा म्हणून जगभर वापरतात. भाड्याने मिळतात."

 मग मागून एक गृहस्थ उठले. "भाड्याने कुठे म्हणालात? मुलीचा बायोडेटा करायचाय."

ऋजुता खुर्चीला टेकली. एवढं करून हाती हेच. आणि मावशी पहिल्या रांगेतून म्हणाली, "असेल गं पेटी. पण मला बरं वाटतंय त्याचं काय?"

"ये. बस."

मावशी दोन खुर्च्यांचा आधार घेत आली आणि बसली. ऋजुताने भोपळा काखेत धरून स्विच चालू केला. टीव्हीवर डीव्हीडीतून पुण्याला पोचलेली ती टवटवीत मावशी हसली. मग स्विच बंद.

मावशी टीव्हीकडे बघत राहिली. चेहरा सुजलेला, पापण्या जड, ओठ फिके. तिने गालाला हात लावला. टीव्हीतल्या बाईनेही लावला.

"ही पहिल्या दिवसाची फिल्म का?" तिने विचारलं.

"नाही. ही आत्ताची."

मावशीने हात खाली घेतला.

"पहिल्या दिवशी मी बरी दिसत होते," ती म्हणाली.

"माई," महाराज पुढे झाले, "मनात शंका आली, म्हणून तेज ओसरलं."

"शंका नाही हो," मावशी थकलेल्या आवाजात म्हणाली, "तिने प्लग बंद केला. माझ्यासमोर केला."

सोमवारी मावशीने स्वतः डॉक्टरला फोन लावला. रक्त तपासलं, गोळी सुरू झाली. महाराज त्या हॉलकडे पुन्हा फिरकले नाहीत. दुसऱ्या कुठल्या शहरात ते आवाजाने रोग बरे करतात असं ऐकू येतं. माइकची वायर कुठे जाते ते तिथे कुणी बघितलेलं नाही. पेट्या घाईत मागेच राहिल्या. मंडळ त्या उपवर मुलामुलींना देतं, आणि मंडळातली सगळी तरुण पिढी सध्या तेजस्वी आहे.

त्यात गैर काही नाही. चांगला उजेड माणसाला चांगलं दाखवतो, ते उजेडाचं कामच आहे. पण रक्तात काय चाललंय ते रक्त तपासूनच कळतं, चेहऱ्यावरून नाही, टीव्हीवरच्या चेहऱ्यावरून तर नाहीच. तेव्हा एखादं तेज दिसलं तर हात जरूर जोडावेत, पण आधी वायर कुठे जाते ते बघावं. एकदा बंद करून बघावं. खरं असेल तर ते अंधारातही टिकेल. आणि कुणी विचारू नका म्हणालं, तर दोनदा विचारावं. कंटाळा येतो, हे कबूल. तरी विचारावं.

पुढच्या महिन्यात ऋजुताने मावशीचा स्वयंपाकघरातला एक साधा फोटो घरी पाठवला, ट्यूबलाइटखालचा. आईचा लगेच फोन आला.

"आशा किती उतरलेली दिसते गं. बरी आहे ना?"

"बरी आहे," ऋजुता म्हणाली. "आता चपात्या जळत नाहीत."