फ्रीजवरच्या ऑगीचा कौल

मी ऑगी बिएल्स्की बोलतोय. खरा नव्हे, फ्रीजवरचा. खरा ऑगी चांगला उंच आहे, मी जेमतेम वीतभर. त्याची मान खांद्यांत घट्ट बसलेली, माझी एका स्प्रिंगवर. धडाच्या मानाने माझं डोकं एवढं मोठं आहे, की माणसाच्या पोराचं असतं तर आईबाप त्याला घेऊन डॉक्टरकडे धावले असते. बेसबॉलच्या मैदानाच्या दारात असले बाहुले फुकट वाटतात. टिचकी मारली की आम्ही हो म्हणतो. नाही म्हणायची सोय आमच्यात ठेवलेली नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. जिने माझ्या भुवया रंगवल्या त्या बाईने ऑगीलाही कधी पाहिलं नव्हतं आणि बेसबॉललाही. साचा कुणा लठ्ठ खेळाडूचा उरला होता. त्यातून मला काढलं आणि छातीवर ऑगीचं नाव घातलं. त्यामुळे मला दोन हनुवट्या आहेत. खऱ्याला एकच, आणि तीही बेताची.

जहाजातून ओहायोला आलो. ऑगीच्या निरोपाच्या सामन्याला बाहुले वाटले, तेव्हा मी वर्ना टटल नावाच्या बाईंच्या हातात पडलो. त्या भर उन्हात रांगेत उभ्या होत्या. घरी येऊन त्यांनी मला नवऱ्याच्या ताटासमोर ठेवलं.

"हे काय?" हार्लनने चष्म्यावरून पाहिलं.

"तुझा दोस्त."

"हा ऑगी? हा तर आपला खाटीक दिसतोय."

"मग बरंच झालं. खाटकाशी तुझं काही भांडण नाही," असं म्हणून वर्नाने मला फ्रीजवर ठेवून दिलं. फ्रीज जुना. त्याची मोटर सुरू झाली की सगळा सांगाडा थरथरतो आणि मी हो, हो, हो म्हणत सुटतो. कशाला, ते माझ्या हातात नसतं.

हार्लन आमच्या गावच्या वर्तमानपत्रात आयुष्यभर बेसबॉलवर लिहीत आला, आणि त्याचं नि ऑगीचं का बिनसलं ते सांगायचं तर थोडा खेळ सांगावा लागेल. दुसऱ्या बेसवर जमिनीत एक पांढरी उशी असते. ऑगी तिच्यापाशी उभा राही. हातात चेंडू असताना उशीला पाय लावला की तिकडे धावत येणारा गडी बाद. मग तोच चेंडू चटकन पहिल्या बेसकडे फेकला की आणखी एक बाद. ऐकायला सोपं आहे. पण तो धावणारा गडी काही फुलं घेऊन येत नाही. तो मातीतून घसरत, बुटांचे खिळे पुढे करून थेट पायांवर येतो. म्हणून त्या काळातले शहाणे खेळाडू उशीला पाय लावल्यासारखं करत आणि टुणकन बाजूला होत. पंचांना ते दिसे, तरी ते बाद देत. कुणी कुणाला काही विचारत नसे. सुखाच्या संसारातही बऱ्याच गोष्टी अशाच चालतात.

विचारणारा एकटा हार्लन. तो पत्रकारांच्या सज्जात दुर्बीण लावून ऑगीच्या पायांकडे बघत बसे. चेंडू कुठे गेला, ते त्याला शेजाऱ्याकडून कळे. सकाळी छापून येई: बिएल्स्कीचा पाय आजही उशीपासून वीतभर लांब. एकदा ऑगी चिडून पत्रकारांच्या खोलीत शिरला आणि ती मातीने माखलेली उशीच त्याने हार्लनच्या खुर्चीवर आणून आपटली. "घे, बस हिच्यावर. तुझंच जास्त प्रेम आहे." तिथून पुढे दोघांचं बोलणं बंद.

ऑगी निवृत्त झाला, हार्लनही झाला. पण हॉल ऑफ फेममध्ये कुणाला बसवायचं हे जुने पत्रकार मत देऊन ठरवतात, आणि हार्लनचं मत शाबूत होतं. शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी हो म्हटलं तर खेळाडूचा चेहरा ब्राँझमध्ये कायमचा भिंतीवर चढतो. दहा वर्षांत तेवढी मतं पडली नाहीत तर नाव यादीतून पुसलं जातं. ऑगीचं हे दहावं वर्ष होतं. आदल्या खेपेला थोडक्यात हुकलं होतं. आणि हार्लनने नऊच्या नऊ वेळा त्याच्या नावापुढची चौकट कोरी ठेवली होती.

डिसेंबरात मतपत्रिका आली. ती मीठदाणीला टेकवून हार्लन सूप भुरकत होता.

"जो माणूस उशीला पाय लावत नाही, त्याला मी हॉल ऑफ फेममध्ये बसवायचं? छे! बरोबर आहे की नाही?"

त्याच क्षणी फ्रीजची मोटर सुरू झाली.

"बघ," चमचा माझ्याकडे रोखून तो म्हणाला, "ह्यालासुद्धा पटतंय."

मला काय वाटलं असेल, विचार करा. छातीवर ज्याचं नाव मिरवायचं, त्याच्याच विरुद्ध साक्ष द्यायची! नंदीबैल निदान आपल्या मालकाच्या बाजूने तरी मान हलवतो.

वर्ना काही बोलली नाही. बायका गप्प बसतात तेव्हा नवऱ्यांना वाटतं, विषय संपला. शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. तिथे कागदी ताटली घेऊन रांगेत उभा असलेला खरा ऑगी तिला भेटला, आणि तिने त्याला रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. हार्लनला हे रविवारी सकाळी कळलं.

"कोण येतंय जेवायला?"

"ऑगी."

"कुठला ऑगी?"

वर्नाने बटाटा सोलता सोलता सुरी वर करून मला दाखवलं.

हार्लनचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, न्यायाधीशाच्या घरी कुणी आरोपीला जेवायला बोलावतं का?"

"न्यायाधीशसाहेब, आधी दाढी करून या."

दुपारी बेल वाजली. दारात ऑगी. डोक्यावर लोकरी टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"ते काय आहे?" हार्लनने दार अर्धंच उघडलं.

"खसखशीचा रोल. माझ्या बहिणीने केलाय."

"बाहेर ठेव. लाच आहे ती."

"टटल, अरे खसखस आहे ती!"

"लाच खसखशीचीही असते."

तर रोल पोर्चच्या कठड्यावर, बर्फात राहिला आणि माणूस आत आला. मी पहिल्यांदा त्याला समोरासमोर पाहत होतो. सडपातळ, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून चालणारा. त्यानेही मला पाहिलं.

"मिसेस टटल, हे कोण?"

"वर्ना म्हण रे. आणि हा तू आहेस."

ऑगी जवळ आला. त्याने नाव वाचलं, मग माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला. "हनुवटीच्या बाबतीत हात सैल सोडलाय," तो म्हणाला.

हार्लनला हसू आलं. ते त्याने रुमालात शिंकून लपवलं.

रोस्ट झकास जमलं होतं. वर्ना वाढत होती, ऑगी जेवत होता आणि हार्लन काट्याने वाटाणे मोजल्यासारखे एकेक टोचत होता. शेवटी त्याच्याने राहवेना.

"एकच विचारतो. पाय लावायचास की नाही?"

"हार्लन, घास तरी गिळू दे त्याला."

"लावायचो," ऑगी म्हणाला. "कधी कधी."

"कधी कधी म्हणजे कधी?"

"समोरचा सावकाश धावणारा असला की."

"कबूल केलं! वर्ना, तू ऐकलंस!"

"टटल, माझ्याआधी त्या जागेवर ग्रोव्हर हाइन्स होता, आठवतो? बाणेदार माणूस. पाय पुरता टेकवायचा. तू त्याच्यावर किती सुंदर लिहायचास. आता तो जिना चढताना बायकोचा खांदा धरतो. मी परवा नातीबरोबर बर्फावर स्केटिंग केलं."

"नियम तो नियम," हार्लन म्हणाला, पण आवाज थोडा उतरला होता.

"खरंय," वर्ना ग्रेव्ही वाढत म्हणाली. "आपल्या कोपऱ्यावर लाल पाटी आहे ना, थांबा म्हणून? तिथे गाडी पूर्ण थांबवायची असते. इतक्या वर्षांत एकदा तरी थांबवलीस?"

"वेग कमी करतो की मी!"

"म्हणजे थांबल्यासारखं करतोस."

मोटर सुरू झाली. त्या दिवशी मी जितक्या मनापासून हो म्हणालो, तितकं आयुष्यात कधी म्हटलं नसेल.

हार्लनने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं आणि मग ताटली बाजूला सारली. "ठीक आहे. तूच सांग, बिएल्स्की. तुझी लायकी आहे तिथे बसायची?"

ऑगी पाणी प्यायला.

"नाही," तो म्हणाला.

वर्नाच्या हातातला ग्रेव्हीचा डाव हवेत तसाच राहिला.

"चांगला होतो मी. खोटं कशाला बोलू. पण हॉल ऑफ फेममध्ये असा माणूस जावा, की सामना बघून घरी गेलेला प्रेक्षक कोट काढायच्या आधी बायकोपाशी त्याचं नाव काढेल. चेंडू थेट मैदानाबाहेर मारणारे असतात ना, त्यांचं काढतात. माझं कोण काढणार? मी तर त्या उशीपाशी उभा असायचो."

वर्नाने डाव खाली ठेवला, जरा जोरातच.

"कोण काढणार? अरे, या घरात दुसरं नावच निघत नव्हतं! लग्नाच्या वाढदिवसाला तू. पोराच्या बाप्तिस्म्याला तू, आणि तेही पाद्रीबाबांसमोर. दिवसभर तू काय केलंस, असं या माणसाने मला कधी विचारलं नाही, पण तुझा पाय किती लांब होता ते रोज रात्री सांगितलं. फरशीवर खडूने काढून दाखवलं! तुझा डावा पाय मला माझ्या पायापेक्षा जास्त माहीत आहे, ऑगी."

ऑगी हार्लनकडे बघत राहिला. हार्लनचे कान लाल झाले होते. "मातीने काढलं होतं," तो पुटपुटला. "खडूने नव्हे."

मग ऑगीने आणखी बटाटा मागितला.

तो गेल्यावर हार्लन बराच वेळ टेबलाशी बसला होता. वर्ना पाठ फिरवून भांडी घासत होती. इतक्या आस्ते, की पेनाचा आवाज यावा. आवाज आला. एक छोटीशी खूण. हार्लनने पाकीट चिकटवलं, मग पोर्चवर जाऊन रोल आणला, वरचा बर्फ झटकला आणि मोठा तुकडा कापला.

"आता ही लाच नाही," तो तोंड भरून म्हणाला, आणि दुसरा कापला.

पाकीट टाकायला दोघं गाडीने गेली. परतल्यावर वर्ना फोनवर बहिणीला सांगत होती, की कोपऱ्यावर गाडी पूर्ण थांबली. मागचा माणूस हॉर्न वाजवून वाजवून दमला.

जानेवारीत निकाल लागला. तिघांनी मिळून पाहायचं ठरलं होतं, पण ऑगी आला नाही. टीव्हीवर नावं वाचली. त्यात ऑगी नव्हता. मोजक्या मतांनी हुकला होता, आणि आता यादीतूनही गेला होता.

हार्लन खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागे पडली. "आंधळे! एकजात आंधळे! खेळ कळतो का यांना? आयुष्यभर चेंडूकडे बघत बसले! त्या माणसाचे पाय कधी पाहिलेत का कुणी?"

"तू पाहिलेस," वर्ना म्हणाली.

"हो, पाहिले! नाचायचा तो! हवेत असताना चेंडू सोडायचा, आणि उतरायचा मांजरासारखा! माझं एक मत मिळालं म्हणजे झालं का?"

एवढ्यात फोन वाजला. हार्लनला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. मला सगळं ऐकू आलं.

"टटल, जेवलास का?" पलीकडून ऑगी.

"ते सोड! तू बघितलंस काय केलं त्यांनी?"

"बघितलं. तू आधी बस. गोळी घेतलीस का रक्तदाबाची? वर्नाला दे फोन."

"ऑगी..." हार्लनने त्याला आजवर बिएल्स्कीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "ऑगी, तू पाय लावायचास. दर वेळी लावायचास. मी दुर्बिणीतून पाहिलंय."



"नाही रे लावायचो."

"लावायचास म्हणतोय ना मी!"

वर्नाने येऊन हार्लनची खुर्ची उचलून सरळ केली आणि त्याला खांदा दाबून तिच्यावर बसवलं.

पुढेमागे कुठल्याशा ज्येष्ठांच्या समितीपुढे ऑगीचं नाव जाऊ शकतं म्हणे. हार्लन त्यासाठी दर आठवड्याला कुणाला तरी फोन करून भांडतो. पण तोवर वाट बघणं त्याला जमेना. त्याने मला फ्रीजवरून उतरवलं आणि रस्त्याकडच्या खिडकीत खास फळी ठोकून मांडलं. माझ्या पायाखाली पितळी पाटी आहे, डोक्यावर छोटा दिवा. ऑगी रविवारी जेवायला येतो, तेव्हा खिडकीकडे पाठ करून बसतो. लाजतो बिचारा. दोघं उशी, पाय, पंच यांवरून हुज्जत घालतात. आता हार्लन म्हणतो पाय लागायचा, आणि ऑगी म्हणतो लागत नव्हता.

माझी तक्रार नाही. मान मिळायला हवा होता एकाला, आणि खिडकीत बसलोय मी, दुसऱ्याच्याच हनुवट्या घेऊन. जगात असं होतं. फक्त इथे पश्चिमेचं ऊन फार येतं. टोपीचा निळा रंग विटला, एका गालाचा गुलाबी तर पार गेला. हार्लन ऐकायचा नाही, पण वर्नाबाई, तुम्ही रोज या खिडकीशी चहाचा कप घेऊन उभ्या राहता. दुपारी तेवढा पडदा अर्धा ओढून घेत जा.