दोन सूत

सुभेदार लालासाहेबांनी वाळू भरलेली प्लॅस्टिकची नळी पाचटाच्या जाळावर धरून फिरवली, ती मऊ पडताच पोत्यावर ठेवून तिला अलगद बाक दिला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. बाजारात तयार काटकोनी सांधा मिळत असताना सुभेदार सकाळपासून धुरात बसले होते, आणि जोतीराम गवंडी शेजारी उकिडवा बसून ते मन लावून पाहत होता.

"काटकोनात तार अडकती," लालासाहेब एवढंच म्हणाले.

त्यांची सव्वीस वर्षं फौजेत तारा ओढण्यात गेली होती. सत्त्याण्णव साली मलकापुरात घर बांधायला काढलं, तेव्हा रस्त्यापासून दारापर्यंतच्या वाटेवर काँक्रीट पडायच्या आधी त्यांनी खाली दोन नळ्या घालायच्या ठरवल्या. वाटेच्या तोंडाशी बटणाचा एक खांब. तिथून एक नळी फाटकाच्या मोटारीकडं, दुसरी विजेच्या कडीकडं. तसलं विजेवर चालणारं फाटक घेण्याची ऐपत यायला अजून पाच-सात वर्षं तरी लागणार होती. वीज तर रोजच जात होती. आळीतल्यांनी मनसोक्त टिंगल करून घेतली. पण एकदा काँक्रीट पडलं की ते उकरायचं कुणी?

हे सगळं होतं प्रियदर्शनीसाठी. त्यांची लेक कराडात गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि हातानं चालवायच्या तीनचाकीवरून जा-ये करायची. लहानपणी पोलिओनं पाय गेले होते. भाड्याच्या घराचं फाटक तिच्या वाटेत आडवं यायचं. सायकलचं पुढचं चाक फाटकाला टेकलं की कडीपर्यंत हात पोचत नसे. मग घंटी वाजवत भर उन्हात थांबायचं. आईबाप धावत यायचेच, पण थांबताना तिचा चेहरा कसा होतो ते लालासाहेब रोज पाहत होते. निदान आपल्या घरात तरी पोरीनं हाक न मारता यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

नळ्या पुरताना त्यांनी दोन्हींतून एकेक तार ओवून ठेवली. ती कशाला, असं जोतीरामनं विचारलं. पुढं केबल ओढायची झाली तर ह्या तारेला बांधून ओढायची, फौजेत रिकामी नळी कुणी सोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. जोतीरामनं एक टोक ओढलं. तिकडचं टोक सरकन आत गेलं. त्यानं ते चार-पाच वेळा करून पाहिलं.

जोतीराम म्हसवडकडचा. बापाचा पितळी ओळंबा खिशात घेऊन हिंडायचा आणि त्याची भिंत एक सूतही, म्हणजे इंचाचा आठवा भागही, हलायची नाही. असा माणूस आपल्या पलटणीत असता तर, असं लालासाहेब दहा जणांना सांगून चुकले होते.

चूक झाली ती अशा माणसाच्या हातूनच. लालासाहेब दोन दिवस पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले, तेवढ्यात बटणाचा खांब उभा राहिला. कागदावर उंची अडीच फूट लिहून दिली होती. जोतीरामनं कागद पाहिलाच नाही. बटण चार फुटांवर असतं हे त्याच्या हाताला पाठ होतं. शनिवारी प्रियदर्शनी खांबाशी आली, तिनं हात वर केला. बोटं वीतभर खाली राहिली.

"असू दे, आबा," ती म्हणाली. "चांगला झालाय खांब."

लालासाहेबांची कानशिलं तापली. पण जोतीरामचा पडलेला चेहरा पाहून त्यांनी शब्द गिळले. जोतीराम हत्यारं पोत्यात भरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही. पळाला म्हणायचं तर ओळंबा खिडकीतच राहिला होता.

चौथ्या दिवशी दुपारी लालासाहेब आले तेव्हा खांब पाडून नवा, बुटका उभा केलेला होता. त्यांना बरं वाटलं. लोहाराकडचं फाटकही आलं होतं आणि जोतीराम बिजागऱ्यांना तेल देत होता. पण फाटकाकडं नजर गेली आणि ते चमकले. त्यांनी खिडकीतला ओळंबा आणून लावला. फाटक चांगलं दोन सूत आत कललेलं होतं.

"जोतीराम, हे तुझं काम?"

"व्हय."

"ओळंब्यात न्हाई हे."

"ठावं हाय, सुभेदार. ल्हवाराच्यात दोन दिस बसून करून घेतलंय. ताईंस्नी येऊ द्या."

रागवावं की हसावं हे लालासाहेबांना कळेना. हातात दोरी धरून ते तसेच उभे राहिले. तेवढ्यात वळणावर तीनचाकी दिसली. सवयीनं त्यांचं पाऊल फाटकाकडं पडलं.

"आवं, जाऊ नगा," जोतीराम म्हणाला.

बुटक्या खांबाच्या भोकातून नळीतल्या तारेला बांधलेली एक लोखंडी कडी लोंबत होती. प्रियदर्शनीनं सायकल खांबाला लावली, क्षणभर कडीकडं पाहिलं आणि ती ओढली. काँक्रीटखालून तार सरकली, पलीकडच्या खांबावरचा खटका टक् करून उचलला गेला, आणि कललेलं फाटक आपल्याच भारानं सावकाश आत उघडत गेलं.

ती आत आली. वळली. हातानं फाटक लोटून लावलं, खटका पडला. मग आतल्या बाजूनं खटका उचलून ती पुन्हा बाहेर गेली.

"विजेची मोटार आली की सरळ करून दीन," जोतीराम खाली मान घालून म्हणाला. "तवर दोन सूत माफ करा."

 लालासाहेबांनी ओळंब्याची दोरी नीट गुंडाळली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

बाहेरून प्रियदर्शनीनं फाटक ओढून लावून घेतलं होतं. गजांमधून ती त्यांच्याकडं पाहत होती.

"आबा, तिथंच थांबा," ती म्हणाली. "मी येते."