बोंबीलच्या दारातली फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, आणि अडवणं हा माझा स्वभाव आहे. लोक मला आडमुठी म्हणतात. म्हणू देत! आडमुठी नसते, तर जूचंद्रच्या मिठागरात भरतीचं पाणी कोणी थोपवलं असतं?

माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली. मिठागराच्या बांधात पाणी आत-बाहेर सोडायची एक वाट असते, तिला उघाडी म्हणतात. तिच्या खाचेत मी आणि माझी बहीण, अशा दोन सागवानी फळ्या एकीवर एक उभ्या असायचो. पाणी हवं असलं की माणसं आम्हांला वर ओढायची, नको असलं की खाली दाबायची. खारं पाणी पिऊन पिऊन आम्ही इतक्या टणक झालो, की वाळवीने आमच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे ते मिठागर बंद पडलं. तिथे काम करणाऱ्या कृष्णाबाईने आम्हांला डोक्यावर घेऊन घरी आणलं. तिचा चंद्रहास तेव्हा नुकता रांगू लागला होता, आणि घरापुढेच विहीर होती. सुताराने मागून पट्ट्या ठोकून आम्हां दोघी बहिणींची एकच फळी केली आणि दाराच्या चौकटीला खाचा पाडून मला त्यांत बसवलं. झालं! बाहेरच्या कोंबड्या बाहेर आणि आतलं बाळ आत. कृष्णाबाई मागच्या परसात निश्चिंत भांडी घासायची. शेजारणीने विचारलं तर म्हणायची, “फळी हाय ना दारान, मंग कशाला भ्याव?”

माझा काठ धरूनच चंद्रहास उभा राहायला शिकला. दात येत होते तेव्हा त्याने तो काठ इतका चावला, की त्यावर बारीक खुणा उमटल्या. कोणी त्या रंधा मारून काढू नयेत, एवढीच माझी इच्छा असायची.

पण मुलं मोठी झाल्यावर फळी कोणाला हवी? गरज सरो, वैद्य मरो. घर गेलं, तिथे इमारत आली. चंद्रहास बायको संपदा आणि मुलगी उन्नती यांच्यासह चौथ्या मजल्यावर राहू लागला. कृष्णाबाई गावातच धाकट्या मुलाकडे गेली. मला टाकून देणं कोणाला जमेना, म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात आडवं ठेवलं. माझ्यावर कुंड्या आल्या, झाडू आला, फुटकी बादली आली. समुद्र अडवणारी मी, आता बादलीला आसरा देत होते. मला फार वाईट वाटायचं.

अशात एके दिवशी उन्नतीने गल्लीतलं एक पोरकं पिल्लू घरी आणलं. अंगाने बारीक, रंगाने फिकट. “हा तर सुका बोंबीलच!” चंद्रहास हसून म्हणाला, आणि तेच नाव पडलं. घराला तो भारी आवडला. अडचण एकच होती. चंद्रहास कामणच्या गोदामात, संपदा वसईच्या बँकेत, उन्नती शाळेत. दिवसा बोंबील एकटा. पहिल्याच आठवड्यात त्याने संपदाची चप्पल फाडली, चार्जरची वायर कुरतडली आणि फिनेलची बाटली आडवी केली.

चंद्रहासने आईला फोन लावला. आई म्हणाली, “अरं, गॅलरीन बांद त्याला. आपल्या अंगनान कुत्रा बांदलेलाच असायचा ना? काय जालंय का त्याला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रहासने पिल्लाच्या गळ्यात दोरी घातली, तिचं टोक गॅलरीच्या ग्रिलला बांधलं, शेजारी पाण्याचा वाडगा ठेवला आणि दार लावून घेतलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जाताना त्याने बोंबीलच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला.

मित्रांनो, अंगणातल्या झाडाला सावली असते आणि येणारं-जाणारं माणूस असतं. गॅलरीत कुंड्या असतात, ग्रिल असतं, आणि दुपारी ऊन येतं. बोंबील घरच्यांना शोधत कुंड्यांभोवती फिरू लागला. प्रत्येक फेरीला दोरी आखूड होत गेली. वाडगा कलंडला. शेवटी त्याची मान ग्रिलला अशी जखडली, की त्याला बसताही येईना. तो रडत होता. मी हातभर अंतरावर पडले होते आणि मला काहीच करता येत नव्हतं. आयुष्यात एवढी हतबल मी कधी झाले नव्हते.

मग त्याचं रडणं थांबलं.

आवाज थांबला म्हणूनच तो वाचला. शेजारच्या जोआना आंटी आपल्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. पिल्लू रडत होतं तोवर त्यांना वाटलं, रुसलंय. आवाज बंद झाला तशा त्या वाकून बघायला आल्या आणि किंचाळल्याच. चंद्रहासच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. कात्री घेऊन त्या धावत आल्या, दोरी कापली, बोंबीलला पंख्याखाली ओल्या फडक्यावर निजवलं आणि चंद्रहासला आणि कृष्णाबाईला फोन लावले. बोंबीलने जीभ बाहेर काढून पाणी चाटलं, तेव्हा त्या खाली बसून रडल्या.

डॉक्टरांकडून बोंबील घरी आला, तोवर कृष्णाबाईही रिक्षाने येऊन पोहोचली होती. तिने त्याच्या मानेवरचा वळ जवळून निरखून पाहिला.

“आये, तू सांगितलंस तसंच बांधलं होतं गं,” चंद्रहास म्हणाला.

“व्हय, माजंच चुकलं,” ती म्हणाली. मग गॅलरीत जाऊन तिने माझ्यावरच्या कुंड्या एकेक करून खाली उतरवल्या. “रांगत व्हतास तवा तुला मी बांदलेला काय रं? फळी लावली. यो पन पोरच हाय.”

आणि मी पुन्हा उभी राहिले! सुताराने मला थोडं आखूड केलं आणि स्वयंपाकघराच्या दारात खाचा करून बसवलं. आता बोंबीलला सारी बैठकीची खोली मोकळी असते. फिनेल, सिलिंडर आणि कचऱ्याची बादली माझ्या पलीकडे. गॅलरीचं दार बंद, पंखा चालू, वाडगा जड दगडी. उन्नती तर रोज शाळेत जाण्याआधी जमिनीवर पोट टेकून खोली पाहते. तिथून वायरी दिसतात, रबर दिसतं, पडलेली गोळी दिसते. सगळं उचलूनच ती बाहेर पडते. दुपारी जोआना आंटी किल्लीने दार उघडून त्याला खाली फिरवून आणतात.

म्हणून सांगते, मित्रांनो, पिल्लू आणलंत तर त्याच्यासाठी घर आवरा. त्याला एकटं ठेवणं भागच असेल, तर मोकळं ठेवा, पण धोक्याच्या अलीकडे ठेवा. आणि शेजारी एक किल्ली असू द्या.

परवा कृष्णाबाई आली होती. बोंबील माझ्या काठावर हनुवटी टेकून झोपला होता. त्यालाही दात येताहेत, तेव्हा माझी काय दशा झाली असेल ते ओळखा. संपदा म्हणाली, “काठ खराब झालाय हो, पॉलिश करून घेऊ या.”

कृष्णाबाईने माझ्या काठावरून हळूच बोट फिरवलं. “नको गं,” ती म्हणाली. “या खुना चंद्रहासच्या. आनि या याच्या.”