भिकुबाईचं म्हणणं

अभिमन पांझरा नदीकाठच्या एका गावात पाटकरी होता. बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या वाफ्यात किती वेळ सोडायचं हे तो ठरवी, आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. न्यायानं पाणी देणारा माणूस अशी त्याची ओळख. अभिमन खोटं बोलतो असं कोणी म्हटलं असतं, तर गाव हसलं असतं.

१९३७ सालच्या पौषात त्याची बायको सुगंधाबाई पोट धरून चुलीपुढे कोसळली. दोन दिवस ओवा, हिंग, शेक सगळं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला, पोट लाकडासारखं ताठलं, ती हात लावू देईना. अभिमननं गाडीत कडबा अंथरला, वर गोधडी टाकून तिला निजवलं आणि धुळ्याचा रस्ता धरला.

सुगंधा त्याची दुसरी बायको. पहिली भिकुबाई आठ वर्षांपूर्वी वारली होती, तीही पोटाच्याच दुखण्यानं. रिवाजाप्रमाणे सुगंधाच्या गळ्यात सवतीचा टाक होता, नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. सुगंधानं भिकुबाईला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती तिला अक्का म्हणे आणि सणाला पहिला घास तिच्या नावानं काढून ठेवी.

भिकुबाईलाही अभिमननं याच रस्त्यानं नेलं होतं. पोट उघडावं लागेल, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. 'घरी विचारून येतो' असं सांगून अभिमननं गाडी परत फिरवली, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. लोकांना त्यानं सांगितलं, "तीच नाही म्हणाली. भ्याली." लोकांनी माना डोलावल्या. बाईमाणूस, भिणारच.

दुपारी गाडी दवाखान्यापुढे उभी राहिली. डॉक्टर आता नवे होते, वयानं अभिमनपेक्षा लहान. त्यांनी सुगंधाच्या पोटावर उजव्या बाजूला बोटं टेकवली, तशी ती किंचाळली.

"आतड्याला एक बारीक शेपूट असतं. ते सडलंय," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता काढलं तर आशा आहे. आत फुटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. या कागदावर अंगठा द्या."

अभिमनच्या तोंडात तेच शब्द आले. घरी विचारून येतो. जीभ हललीसुद्धा. त्याला कडब्यावर पडलेली भिकुबाई दिसली, तिची घामेजलेली कानशिलं दिसली. त्यानं सुगंधाकडे पाहिलं.

"तुम्ही म्हनशात तसं," सुगंधा पुटपुटली.

"वाचेल ना?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. घरी नेलीत तर वाचणार नाही, एवढं सांगतो."

त्यानं अंगठा दिला. पहिल्यांदा शाई फिसकटली आणि शेजारी दुसरा ठसा घ्यावा लागला.

नर्सनं सुगंधाच्या अंगावरचे दागिने उतरवले. टाक काढताना सुगंधानं तिचा हात धरला. मग नवऱ्याला म्हणाली, "अक्काले खाली ठेवू नका. हातमा धरा."

दार लागलं. अभिमन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. दाराच्या फटीतून औषधाचा गोडसर, गुदमरवणारा वास येत होता. मुठीतला टाक तापत गेला. कोणीतरी अगदी शेजारी, त्याच भिंतीला टेकून बसलंय असं त्याला वाटायला लागलं. श्वासाची लय ओळखीची होती. त्यानं मान वळवली नाही. मूठ उघडायचंही धाडस झालं नाही.

ऊन व्हरांड्यातून उतरून अंगणात गेलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"फुटायला सुरुवात झालीच होती. पू काढलाय, रबराची नळी ठेवलीय. चार दिवस जपा. पाणी मात्र मी सांगेपर्यंत द्यायचं नाही."

हे सर्वांत अवघड होतं. सुगंधा शुद्धीवर आली ती पाणी मागतच. ज्याच्या हातून गावाला पाणी मिळे तो माणूस ओल्या फडक्यानं तिचे ओठ टिपत राहिला. ती त्याच्या बोटाला चावली, रडली, त्याच्या आईबापाचा उद्धार केला. त्यानं ऐकून घेतलं. तिचं अंग पुसलं, लुगडी धुतली, भांडं उचललं. शेजारच्या खाटांवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हसायच्या थांबल्या. टाक त्यानं खाटेच्या उशाला दोऱ्यानं बांधून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप पुन्हा चढला. सुगंधा पायथ्याकडे, तिथं कोणी बसलं असावं तशी, टक लावून पाहू लागली.

"अक्का बसेल शे," ती म्हणाली.

अभिमननं तिच्या अंगावर गोधडी ओढली. "कोनी नही. नीज तू."

"बसेल शे. काही बोलत नही. तिले इचारा ना, तिले काय पाहिजे."

पायथ्याशी घडी केलेली घोंगडी होती. तीवर कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा खळगा पडला होता. अभिमन खाटेशेजारी जमिनीवर बसला आणि त्या खळग्याकडे पाहत हळूहळू बोलला.

"तू भ्यायनी नव्हती. तू म्हनी, कापू द्या माले, मी जगसू. गाडी फिराऊ नका म्हनी. दोनदा म्हनी. मीच भ्यायनू. गाडी मी फिराई, आनि लोकस्ले खोटं सांगं."

बोलून झालं. काही झालं नाही. घोंगडी घोंगडीच राहिली. त्याला वाटलं होतं, छातीवरचं काही उतरेल. ते उतरलं नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरांनी चमच्यानं पाणी द्यायला सांगितलं. दोन चमचे पोटात गेल्यावर सुगंधानं त्याचं मनगट धरलं. डोळे खोल गेले होते, पण नजर स्वच्छ होती.

"काल तुम्ही बोलनात ते मी ऐकं," ती म्हणाली.

अभिमनच्या हातातला चमचा कलंडला.

"अक्काले सांगं, तेवढं पुरं नही. तिनी मायले जाईसन सांगा."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"शे तेच तोंड." तिनं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फडकं घेऊन तो जवळ आला की अंग पुसू देई, एवढंच.

तीन आठवड्यांनी गाडी गावी परतली. सुगंधा वाकून चालायची, पण चालायची. फाल्गुनात ती बसून भाकरी थापू लागली. त्या दिवशी तिनं चार भाकरी बांधून त्याच्यापुढे ठेवल्या. कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही.

भिकुबाईची आई मंजुळाबाई अमळनेरकडच्या एका खेड्यात एकटी राहत होती. लेक गेली तेव्हा म्हातारी पोचली ती सरणाजवळच. अभिमन अंगणात आला तेव्हा ती सुपात दादर ज्वारी पाखडत होती. जुन्या जावयाला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि बसायला पोतं सरकवलं. तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं.

सूप थांबलं.

"आठ वरीस मी तिले शिव्या दिध्यात," म्हातारी म्हणाली. "भित्री व्हती म्हनीसन मरनी, आसं म्हनत व्हती. बठ्ठा गावले सांगत व्हती."

अभिमन खाली वाकला. तिच्या पायांपर्यंत हात गेला तसे तिनं पाय मागे ओढले. रागावली नाही, ओरडली नाही. सुपातले खडे वेचून तिनं बाजूला टाकले आणि पुन्हा वर पाहिलं.

"काय बोलनी ती? परत सांगा."

त्यानं सांगितलं.

"तिना शब्दमा सांगा."

"कापू द्या माले. मी जगसू."

"आनि दुसऱ्यांदा?"

त्यानं तेही सांगितलं. उन्हं कलेपर्यंत म्हातारी त्याला तेवढंच विचारत राहिली आणि तो तिच्यापुढे उभा राहून सांगत राहिला.