खारवलेलं रान

बयाबाईच्या दोन एकरांतला ऊस वाढेना, तेव्हा तिनं एक बेट उपटून पाहिलं. मुळं कुजून काळी पडली होती. खाली चिखल, आणि वरंब्याच्या माथ्यावर मिठासारखा पांढरा थर. पंचवीस वर्षं कालव्याचं पाणी मोकाट सोडल्याचं हे फळ होतं.

माती तपासून आलेला कृषी सहायक म्हणाला, "मावशी, आधी साचलेलं पाणी बाहेर काढा. चर खणून ओढ्याला जोडा. मग धैंचा पेरून, हिरवा असतानाच खत म्हणून जमिनीत गाडा. दोन-तीन वर्षं लागतील."

तिचा धाकटा दीर रोहिदास यानं शिक्रापूरच्या रस्त्याला कंपनीतल्या कामगारांसाठी खोल्या बांधल्या होत्या. तो म्हणाला, "वहिनी, कशाला मातीत मरता? प्लॉटिंगवाला तयार हाय. द्या त्याला, आन् बसून खावा."

"बसून खायची येळ आली की सांगते, भावजी."

पण ओढा होता गिताबाईच्या वीस गुंठ्यांपलीकडं. गिताबाई बौद्धवस्तीतली. तिच्या रानाकडं बयाबाईच्या रानातून जाणारी वाट बयाबाईच्या सासऱ्यानं काट्या टाकून बंद केली होती, त्याला आता तीस वर्षं झाली होती. सासरा गेला, नवरा गेला. वाट बंदच राहिली.

बयाबाई तिच्या घरी पोचली तेव्हा गिताबाई दारात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. "या" म्हणाली, पण हात थांबवला नाही. बयाबाईनं चराचं सांगितलं. गिताबाईनं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"आमच्या मालकानं कांद्याच्या गोण्या वढ्यातनं डोक्यावर वाहिल्या. पावसाळ्यात गुडघाभर पान्यातनं. तवा तुमी बांधावर उभ्या व्हता."

"व्हते."

"कवा एका शब्दानं बोलला न्हाई."

"न्हाई बोलले. मामंजींना भेत व्हते. त्यांच्यामागं तर भ्यायचंबी कारन नव्हतं. चुकलंच माझं."

गिताबाई म्हणाली, "चर न्या. पन मला वाट पायजे, टेम्पो जाईल एवढी. तोंडी न्हाई, कागदावर."

"उद्याच्याला शिरूरला कचेरीत जाऊ," बयाबाई म्हणाली.

संध्याकाळी रोहिदास तणतणत आला. "आबांनी बंद केलेली वाट तुमी उघडनार? भावकीत तोंड कसं दाखवायचं?"

"आबांनी वाईट केलं, भावजी. जमीन माझ्या नावावर हाय. सही मी करनार."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं शिरूरला गेल्या. कागद व्हायला तीन हेलपाटे पडले. वाटेवरच्या बाभळी बयाबाईनं स्वतः तोडल्या. चर जेसीबीनं खणला, पण गिताबाईच्या लिंबांच्या झाडांमधून यंत्र जाईना. तिथली चाळीस फूट माती दोघींनी टिकाव-खोऱ्यानं काढली. सहाव्या दिवशी दुपारी शेवटचा बांध फुटला आणि तांबूस, खारट पाणी ओढ्याकडं धावलं. बयाबाईचे हात फोडांनी भरले होते. गिताबाईनं तिला तांब्या भरून पाणी दिलं आणि दोघी चराच्या काठावरच टेकल्या.

पहिल्या वर्षी धैंचासुद्धा ठिकठिकाणी जळाला. लोक हसले. बयाबाईनं उरलेला गाडला आणि पुन्हा पेरला. ठिबकच्या नळ्या अंथरल्या. दुसऱ्या हिवाळ्यात दीड एकरावर गहू उभा राहिला. अर्धा एकर अजून पांढराच होता. तिथं तिनं तिसऱ्यांदा धैंचा टाकायचं ठरवलं.

गहू निसवून ओंब्या बाहेर पडत असताना रोहिदास बांधावर आला. जरा घुटमळला.

"वहिनी, माझ्या खालच्या तुकड्यातबी पांढरं फुटाय लागलंय. माझं पानी तुमच्या चराला जोडू का?"

"माझी ना न्हाई. पन चर गिताबाईच्या रानातनं जातो. त्यांना इचारा."

"तुमीच सांगा की त्यांना."

"न्हाई, भावजी. तुमचं तुमी जावा."

रोहिदासनं गव्हाकडं एकवार पाहिलं. मग टोपी सारखी करून गिताबाईच्या रानाकडं चालू लागला.