पत्त्यात न मावलेल्या दोन रेघा

त्या मंगळवारी पानाबाई दुकानात वाट्या पुसत होत्या. केनवडच्या रुख्मिणीबाई कुकरची झाकणं लावून बघत होत्या. तेवढ्यात कृतिकाच्या मोबाइलवर उत्तर आलं: अर्ज नामंजूर. कारण मी.

मी म्हणजे ‘॥’. ‘श्री’च्या अलीकडे-पलीकडे काढतात त्या उभ्या रेघांची जोडी.

रिसोडच्या या भांड्यांच्या दुकानात मला लखमीचंद शेठजींनी आणलं. विकलेल्या भांड्यावर ते मशीनने नाव टाकून देत. टर्रर्र करत आधी मी, मग नाव, मग पुन्हा मी. तालुक्यातल्या कितीतरी डब्यांवर मी आहे. शेजारी गेलेलं भांडं मला बघूनच परत येतं.

शेठजींना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या नावाने समाजात वाटायला पानाबाईंनी दीडशे वाट्या काढल्या. त्याच सुमारास नात कृतिकाने दुकानासाठी इंटरनेटवर मराठी अक्षरांतला पत्ता मागितला. आजीची अट एकच: आजोबा टाकायचे तसंच नाव पाहिजे. म्हणून अर्जात लिहिलं, ‘॥लखमीचंद॥.भारत’. आणि नाव टाकल्याशिवाय भांडं बाहेर जाऊ द्यायचं नाही, या सवयीने आजीने मंजुरीआधीच तो पत्ता दीडशे वाट्यांवर टाकूनही घेतला!

“काहून नाय म्हनते ते?” पानाबाईंनी विचारलं.

“आजी, पत्त्यात अक्षरं चालते, मात्रा चालते, आकडे चालते. ह्या रेघा चिन्हात मोडते. साऱ्या जगात मनाई हाय.”

“चाळीस वर्सं चाललं. आताच कायले मनाई?”

“वाट्यांवरच्या घासून काढू का?”

“हात नोको लावू. त्याहीच्या मशीननं टाकलं हाय.”

रुख्मिणीबाईंनी कुकर खाली ठेवला.

“पानाबाई, वाटी देतानी सांगून द्या ना. रेघा हात जोडाले हाय, मोबाइलात टाकाले नाय!”

पानाबाई हसल्या. गिऱ्हाइकासमोर, वर्षभरात पहिल्यांदा.

दुसरा अर्ज माझ्याशिवाय गेला आणि आठवड्यात मंजूर झाला. मला वाईट वाटलं नाही. वाट्या तशाच वाटल्या गेल्या; प्रत्येकीबरोबर पानाबाई तेच वाक्य ऐकवत होत्या, जणू त्यांनाच सुचलं होतं. कृतिकाने दुकानाचं पान तयार केलं आणि माथ्यावर मला बसवलं. पत्त्यात मनाई असली तरी पानावर मला कोणी अडवत नाही.

तेव्हा माणसांनो, पत्ता टाकताना मला खुशाल वगळा. पान उघडा, मी समोरच भेटेन.

माझ्या खाली शेठजींच्या फोटोसाठी चौकट ठेवली आहे. कृतिकाने तीनदा मागितला. पानाबाईंनी अजून फोटो दिलेला नाही.