वाढतं तेल

ते दोन हजार बावीस साल. करोनाचे दिवस मागे पडले होते, केरीच्या किनाऱ्यावर पुन्हा माणसं दिसू लागली होती आणि डिझेलचा भाव ऐकून गाडीवाले पंपावरच कपाळाला हात लावत होते. त्या वर्षी शिवरात्रीच्या सुमारास पालयेच्या सगुणने आपली जुनी दहा आसनी जीप तळणीच्या तेलावर चालवायला घेतली, आणि खंडेनवमीला ते सगळं संपलं. मध्ये जेमतेम सात महिने गेले.

सगुणच्या बायकोला, सुविधाला, हा उद्योग पहिल्या दिवसापासून रुचला नव्हता. पण ती गप्प राहिली, त्याला कारण होतं. सगुण एके काळी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. स्वतःचा ट्रक. तेव्हा डिचोलीची झाडंसुद्धा धुळीने लाल असत, धुतलेली चादर वाळेपर्यंत पुन्हा मळे, पण संध्याकाळी घरी येणारी माणसं हसतमुख असत. मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभा राहून गंजला आणि शेवटी भंगारात गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं सगुण घरात असून नसल्यासारखा वावरला. ही जीप आली, केरी-पालयेच्या बायकांना रोज सकाळी तुयेच्या कारखान्यांत पोहोचवायचं काम मिळालं, तेव्हा कुठे तो पुन्हा माणसांत आला. त्याला पुन्हा त्या अंधारात ढकलायची सुविधाची छाती नव्हती.

तेलाचं खूळ एका परदेशी माणसाचं. केरीच्या सुरूच्या बनात तो एक म्हातारी व्हॅन घेऊन राहायचा आणि हॉटेलांतलं जळकं तेल गाळून त्यावर ती चालवायचा. सगुणने ते बघून डोक्यात ठेवलं होतं. त्याने सीटखाली दुसरी टाकी बसवली. रेडिएटरचं गरम पाणी तांब्याच्या नळीने त्या टाकीतून फिरवलं, म्हणजे दाट तेल पातळ होईल. गाडी चालू करायची डिझेलवर, तापली की कॉक फिरवून तेलावर न्यायची आणि थांबवायच्या आधी पुन्हा डिझेलवर आणून नळ्या धुऊन काढायच्या. भज्यांच्या गाड्यांवरून, हॉटेलांतून तो डबे भरून तेल आणी आणि जुन्या पंच्यातून गाळी. चतुर्थीत तर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळून उरलेलं तेल शेजारणींनी आपणहून दारात आणून ठेवलं.

जीप तेलावर धावू लागली, तशी बायकांची चंगळ झाली. सगळ्यांत थोरली यशोदा, तिची जीभ कोयत्याहून धारदार.

"आज काय तळलंस रे सगुण? भजी काय बांगडे?"

"बांगडे, वयनी."

"मगे उद्या सुंगटां भाज. सोमवार तेवढो सोड हां, माझो उपास आसता."

कोळंबीची ही फर्माईश ऐकून गाडी हसून हसून डोलायची. त्याच गाडीत सगुण-सुविधाची मुलगी गौरवी असायची. तिला नुकतंच तुयेला गोळ्यांची पाकिटं भरायचं काम लागलं होतं. बापाच्या मागच्या सीटवर, खिडकीशी तिची जागा ठरलेली.

सुविधाला मात्र त्या वासाने धास्ती वाटू लागली होती. गाव अजून उठलेलं नाही, कुणाच्या चुलीत जाळ नाही, आणि रस्त्यावरून तळणीचा वास चाललाय. गावातली कुत्री जीपमागे धावत. भुंकत नसत, खाली मान घालून, हुंगत, वेशीपर्यंत जात आणि तिथेच थांबून बघत राहत.

पण खरी पाल चुकचुकली ती एका रविवारी. सगुण दर रविवारी बॉनेट उघडून इंजिन ऑइलची पट्टी ओढून बघायचा. त्या दिवशी त्याने तिला हाक मारली.

"बघ गे, गेल्या रविवारी हय होतां, आज हय आसा. लोकांची इंजिनां तेल खातत. आमची लक्ष्मी उलट देता."

सुविधाने पट्टीला बोट लावलं. दोन बोटांत चोळलं तर ते गुळाच्या पाकासारखं तार धरत होतं. तिची सगळी हयात तेल पुरवण्यात गेली होती. समईतलं असो, बुधल्यातलं असो, तेल कमी होतं. झाकून ठेवलेलं तेल आपसूक वाढल्याचं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"मधुकर मेस्त्रीक दाखवा," ती म्हणाली.

"मधुकराक काय दाखवचा? तो काढ म्हणतलो, नवा घाल म्हणतलो. भरलेला तेल कोण फेकता?"

पुढच्या रविवारी ते आणखी चढलं. त्याच्या पुढच्या रविवारी पट्टीवरच्या खुणेच्याही वर गेलं. सगुणने बॉनेटवर नारळ फोडला.

चतुर्थीनंतर दुसरीच गोष्ट सुरू झाली. सगुणने अंगणात गाडी थांबवून चावी काढली, तरी इंजिन क्षणभर धडधडत राहिलं. मग हुंदका दिल्यासारखं होऊन बंद पडलं. "तिका माका सोडवत नाय," सगुण म्हणाला आणि गौरवी हसली. आठवड्याने ते पाच आकडे मोजेपर्यंत चाललं. आणखी आठवड्याने गौरवी हसायची थांबली. ती बापाच्या हातातल्या चावीकडे बघायची आणि मग बॉनेटकडे. सुविधा संध्याकाळी ओट्यावर उभी राहून मनात आकडे मोजायची. अष्टमीच्या संध्याकाळी ती चाळिसापर्यंत पोहोचली.

त्याच संध्याकाळी गौरवीने कुणाला न विचारता पेडण्याला फोन केला आणि मधुकर मेस्त्री मोटरसायकलवरून आला. सगुण आणि तो शाळेपासूनचे दोस्त. त्याने पट्टी बघितली, वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"सगुण, हां इंजिन ऑइल न्हय. न जळलेला तळणीचा तेल खाली उतरता, म्हणान पातळी वाढता. तू फाटकन गाडी बंद करतंस, नळयो धुणत नाय. आता ता इतक्या झाला की हवेच्या नळयेतसून परत वर ओढला जाता. इंजिन ताच पिता. त्येका तुझी चावी नको, डिझेल नको."

"मगे?"

"मगे एक दिवस थांबूचा नाय. उद्या गाडी काढूच्या आधी सगळा खाली सोड. अर्ध्या तासाचा काम. तुका जमता, नाय तर मी येतंय."

"जमता रे."

त्या रात्री कित्येक आठवड्यांनी सुविधाला शांत झोप लागली. जे तिला सांगता येत नव्हतं, ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं आणि नवऱ्याने ऐकलंही होतं.

खंडेनवमीला ती भल्या पहाटे उठली. हत्यारांची पूजा तिच्या माहेरी मोठ्या थाटात व्हायची. तिचे वडील त्या दिवशी नांगराला शिवत नसत. तिने कोयता, विळी, कुदळ आणि सगुणचे सगळे पाने धुऊन पुसून पाटावर मांडले. गंध लावलं, झेंडू वाहिले, दिवा लावला.

सगुण बाहेर आला तो कामाच्या कपड्यांत. जीपखाली त्याने घमेलं सरकवून ठेवलं होतं. तो सरळ पाटाशी गेला आणि वाकून मोठ्या पान्याला हात घालू लागला.

"अवो! पूजेतला हत्यार उचलतास?"

सगुणचा हात तसाच थांबला. "तेल काढूचा आसा नाय?"

"आज नवमी. उद्या दसऱ्याक पूजा हलयली की काढा. एका दिवसान काय होतला?"

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

आपणच मेस्त्रीला दाखवा म्हणालो होतो, आपणच महिनाभर झुरत होतो, हे तिला त्या घडीला आठवलंसुद्धा नाही. पाटावरचा पाना उचलला तर घरावर काहीतरी येईल, एवढीच भीती तिच्या डोक्यात होती. सगुणने घमेलं बाजूला केलं. खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. बायकांना कामावर पोहोचवायचं होतं, उशीर झाला होता. गाडी हेही हत्यारच, तीसुद्धा आज उभी राहायला हवी, हे दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही. तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि कोरगावच्या देवीची ओटी भरायची म्हणून ती स्वतःही गौरवीशेजारी चढून बसली.

कोरगावच्या चढावर ते झालं. गाडी वर आली आणि सगुणने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, पण आवाज उतरला नाही. तो चढत गेला. आधी गुणगुण, मग कण्हणं, मग कानात सुरी फिरवावी तसा. पुढे उतार होता.

"बाबा, चावी काढा!" गौरवी ओरडली.

सगुणने हात वर केला. चावी त्याच्या बोटांत होती.

मागून पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि रस्ता दिसेनासा झाला. सगुणने क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले. गाडी फरपटत, थरथरत काजूच्या झाडाखाली थांबली. इंजिन मात्र किंचाळतच होतं.

"उतरा! सगळी उतरा!"

बायका पडत-झडत उतरल्या. सुविधाने गौरवीला दंडाला धरून पार लांबच्या बांधापर्यंत ओढत नेलं आणि वळून बघितलं. सगुण बॉनेट उघडत होता.

"सोडा तिका! हय येवा!"

"हीपण गेली तर?" तो ओरडला. तिच्याकडे न बघता.

त्याने हवेच्या नळीवर उजवा हात दाबला. तेवढ्यात आतून लोखंडावर घण पडावा तसा आवाज झाला. इंजिनाची बाजू फुटली आणि उकळतं तेल, जाळ आणि लोखंडाचे तुकडे एकदम बाहेर आले.

मग इतकी शांतता झाली की यशोदेच्या तोंडून निघालेलं "आई गे" शेताच्या पलीकडच्या माणसाने ऐकलं.

आता त्याला काही वर्षं झाली. सगुण तीन महिने बांबोळीच्या हॉस्पिटलात होता. जीव वाचला. उजव्या हाताला दोनच बोटं राहिली आणि एक डोळा अधू झाला. तो आता बसने तुयेला जातो, एका कारखान्याच्या फाटकावर बसतो आणि येणाऱ्या ट्रकांचे नंबर डाव्या हाताने लिहितो. जीप काजूखालीच पुढचा पाऊसभर पडून होती, नंतर भंगारवाल्याने नेली. यशोदेने त्या दिवसापासून काम सोडलं. ती अजून सगळ्यांची थट्टा करते, सगुणची करत नाही. मधुकरला वाटतं की त्या रात्री आपणच थांबून तेल काढायला हवं होतं. सणावाराला तो येतो, थोडा वेळ बसतो आणि जातो. गौरवीचं लग्न दोडामार्गाला झालं. तिच्या घरी गाडी आहे, पण ती शक्यतो बसनेच येते.

हॉस्पिटलात जो तो विचारायचा की मेस्त्रीने सांगूनही तेल का नाही काढलं. सगुणचं उत्तर ठरलेलं: "कंटाळो केलंय." तो मधुकरला तेच म्हणाला, गौरवीलाही तेच. सुविधा खाटेशी उभी असायची आणि तो तिच्याकडे बघायचा नाही. घरी आल्यावरही, दोघंच असताना, त्याने तो विषय कधी काढला नाही. तिने एकदा तोंड उघडलं, तर त्याने पाणी मागितलं.

खंडेनवमीला ती अजून पाट मांडते, कोयता आणि विळीला गंध लावते. पूजा बंद केली असती, तर का म्हणून कुणीतरी विचारलंच असतं.